आम्ही ग्रहण बघायला गेलो होतो

मागच्या गुरुवारी आपल्या रेडिओवर मी अंगणवाडीच्या जुन्या दिवसांबद्दल बोलले, तेव्हा शेवटी सहज म्हणून गेले की एकदा जावेबरोबर हुबळीला ग्रहण बघायला गेले होते. त्यावर इतक्या जणींचे फोन आले की आजची सगळी वेळ त्यालाच द्यायची ठरवली. एकीने विचारलं, "ताई, सासूने सोडलं कसं?" तर तिथूनच सुरुवात करते.

सासूने सोडलं नव्हतं. आम्ही खोटं बोलून गेलो होतो.

साल १९८०. फेब्रुवारीची १६ तारीख, शनिवार. म्हणजे शनी अमावास्या, आणि वर खग्रास सूर्यग्रहण. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. चंदगड तालुक्यातलं आमचं गाव. घरात सासूबाई, थोरल्या जाऊबाई, त्यांचं चार वर्षांचं पोर आणि मी. दीर मुंबईला गिरणीत. जाऊबाईंना आम्ही अक्का म्हणतो. अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या, शाळा दुसरीपर्यंत, पण हिशेब तोंडावर.

अक्कांच्या पोराचा वरचा ओठ जन्मतः दुभंगलेला होता. ते पोटात असताना एकदा चंद्रग्रहण लागलं होतं आणि अक्कांनी त्या रात्री विळीवर कांदा चिरला होता. घरी पाहुणे आलेले, भाजी कमी पडली, सासूबाईंनीच सांगितलं होतं. पण पोर जन्मलं तसं सगळं गाव अक्कांकडे बोट दाखवायला लागलं. "ग्रहणात चिरलंस, म्हणून त्याचा ओठ चिरला." हळदीकुंकवाला हेच, पाणवठ्यावर हेच. सांगणारी सासूच होती हे सासूबाई विसरल्या, आणि अक्का काही बोलल्या नाहीत. आमच्या घरात ग्रहण हा शब्द निघाला की अक्का उठून गोठ्यात जायच्या.

त्या फेब्रुवारीत पेपरात नकाशा आला. मी मॅट्रिक झालेली, म्हणून पेपर वाचून दाखवायचं काम माझं. नकाशात एक पट्टा दाखवला होता: कारवार-अंकोल्याकडून हुबळी, गदग, रायचूर, पुढे हैदराबादच्या बाजूने ओरिसापर्यंत. या पट्ट्यात सूर्य पूर्ण झाकणार, बाकी ठिकाणी अर्धामुर्धा. अक्का भाकरी थापत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "हुबळी म्हणजे आपलीच हुबळी? बेळगावच्या पुढची?" मी हो म्हटलं. दोन दिवसांनी त्यांनी सासूबाईंना सांगितलं की पोराचा ओठ हुबळीच्या मोठ्या दवाखान्यात दाखवायचाय आणि डॉक्टरांनी शनिवारचीच तारीख दिलीय. तारीखबिरीख काही नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "अवस, शनिवार आणि वर ग्रहण! त्या दिवशी कोण उंबरा ओलांडतं?" अक्का म्हणाल्या, "तारीख चुकली तर परत सहा महिने." आणि सोबतीला मला मागून घेतलं.

पहाटे पाचची एसटी. पंचांगाप्रमाणे सूर्यग्रहणाचे वेध बारा तास आधी लागतात, म्हणजे घरात चूलही पेटणार नव्हती. अक्कांनी आदल्या रात्रीच भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधली होती. बेळगाव मागे पडल्यावर गाडीतच सोडली. मी जरा कचरले. वेधात खाणं माझ्या माहेरीही चालत नव्हतं. अक्का म्हणाल्या, "खा गं. माझं काय व्हायचं ते होऊन गेलंय."

रस्ते कधी पाहिले नव्हते इतके मोकळे होते. त्या दिवशी देशभरच लोक दारं लावून बसले होते. डोळे जातील म्हणून बाहेर पडू नका असं सांगत होते, आणि मोठ्या शहरांत दूरदर्शनने लोक घरात राहावेत म्हणून दुपारी हिंदी सिनेमा लावला होता. एवढी सावली कित्येक पिढ्यांत एखाद्या वेळी गावाच्या डोक्यावरून जाते आणि माणसं सिनेमा बघत बसली, याचं मला अजून नवल वाटतं.

दवाखान्यात मात्र खरंच गेलो. डॉक्टरीणबाई घाईत होत्या, अर्धं कन्नडमध्ये, अर्धं मराठीत बोलत होत्या. त्यांनी पोराचा ओठ पाहिला, टाळू चाचपली आणि म्हणाल्या, होण्यासारखं आहे, टाके घालून जुळवता येईल, इतकी वर्षं काय करत होतात? अक्कांनी खाली मान घालून कांद्याची गोष्ट सांगितली. बाईंनी विचारलं, तेव्हा कितवा महिना होता? अक्का म्हणाल्या, पाचवा. बाई लिहिता लिहिता म्हणाल्या, बाळाचा ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळून होतो, पाचव्यात तुम्ही काय चिरलं त्याचा काय संबंध? एवढं बोलून त्यांनी पुढच्या बाईला हाक मारली.

हे मी नंतर नीट समजून घेतलं, म्हणून सांगते. गर्भ राहिल्यापासून चौथ्या ते सातव्या आठवड्यात ओठाच्या दोन बाजू पुढे येऊन एकमेकींना जुळतात. बऱ्याच जणींना तेव्हा दिवस गेलेत हे नुकतं कुठे कळत असतं. जुळणं राहून गेलं तर ओठ दुभंगलेला राहतो. कधी ते घराण्यातून येतं. आईच्या पोटात फॉलिक अॅसिड कमी पडणं, तंबाखू-धूर, काही औषधं यांचाही हात असू शकतो. पुष्कळदा एकच एक कारण दाखवता येत नाही. म्हणून आशाताई गोळ्या देतात त्या घ्या आणि मिश्री सोडा, गर्भारपणात तर नक्कीच. आता तर असं मूल काही महिन्यांचं असतानाच ओठाचं ऑपरेशन होतं आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ते मोफत बसतं. आमच्या पोराची चार वर्षं फुकट गेली, ती कांद्यापायी.

दवाखान्यातून निघालो तर दुकानं बंद होत आलेली. एका कॉलेजच्या मैदानावर पोरंपोरी जमली होती, तिथे गेलो. नऊवारीतली बाई, तिच्या कडेवर पोर आणि मागे मी. पोरं आधी हसली, मग एकीने आम्हाला सावलीत बसायला जागा दिली. तिथे एक चिंचेचं झाड होतं. अडीचच्या पुढे त्या झाडाखालचे कवडसे बदलायला लागले. एरवी कवडसे गोल असतात. आता प्रत्येक कवडसा चतकोर भाकरीसारखा, मग कोयरीसारखा, मग नखासारखा. जमिनीवर शेकडो नखं. अक्कांनी हात पुढे केला तर तळहातावर सूर्याची कोर. पानांच्या फटी म्हणजे नुसती बारीक भोकं, आणि भोकातून सूर्याचं चित्रच खाली उतरतं, हे तेव्हा त्या पोरीने आम्हाला सांगितलं. घरी करून बघायचं असेल तर पुठ्ठ्याला सुईने भोक पाडा, सूर्याकडे पाठ करा आणि भोकातून पडणारा उजेड दुसऱ्या कागदावर घ्या. पिठाची चाळणी धरलीत तरी चालेल.

त्या पोरांनी आम्हाला एक्स-रेची जुनी फिल्म दिली आणि आम्ही तिच्यातून सूर्याकडे बघितलंही. मैत्रिणींनो, तेवढं करू नका. त्या काळी सगळे तसंच करायचे, आमचं नशीब म्हणून निभावलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याला दुखणं कळत नाही. तो भाजतो आणि आपल्याला पत्ता नसतो. त्यासाठीचे खास चष्मे मिळतात तेच घ्यायचे.

पावणेचारच्या सुमाराला उजेड विचित्र झाला. संध्याकाळसारखा नाही, संध्याकाळ पिवळी असते. हा राखेसारखा होता. गार वारा सुटला. कावळे चिंचेवर येऊन बसले. आणि एकदम कुणीतरी दिवा फुंकावा तसा अंधार पडला. सगळ्या मैदानातून ओरडा उठला. मी वर पाहिलं. सूर्याच्या जागी काळंभोर भोक आणि त्याच्या चारी बाजूंनी पांढरं फूल उमललेलं. शेवंतीसारखं, सगळीकडून पाकळ्या. बाजूला शुक्र चमकत होता. पोराचे डोळे अक्कांनी पदराने झाकले होते. कुणीतरी सांगितलं, आता उघड्या डोळ्यांनी बघितलं तरी चालेल, तेव्हा पदर काढला. पोर म्हणालं, "आई, झोपायचं?"

तीन मिनिटंसुद्धा नाही. मग एका कडेला हिरकणीसारखा थेंब चमकला आणि संपलं. लांब कुठेतरी "दे दान, सुटे गिराण" असा आवाज सुरू झाला होता. तो आपल्याकडचाच कुणी मागणारा असावा. अक्का बराच वेळ वरच बघत होत्या, मीच त्यांना खाली बघायला लावलं. गाडीत बसल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "इतकं लांब आहे ते. त्याला माझा कांदा दिसला कसा?"

आता या गोष्टीचा दुसरा भाग. तो आमचा नाही, पण मी शोधून काढला म्हणून मला आमच्याइतकाच जवळचा वाटतो.

पुष्कळ वर्षांनी बचत गटाची सहल विजयदुर्गला गेली होती. किल्ल्यावर दगडी चौथरे आहेत, त्यांना 'साहेबाचे कट्टे' म्हणतात. तिथे सांगतात की लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८६८ साली इथूनच ग्रहण बघून हेलियम वायू शोधला. अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे, पण मला वाटतं साल सरमिसळ झालेलं आहे. १८६८ च्या १८ ऑगस्टचं खग्रास ग्रहण आपल्या देशातून दिसलं हे खरं, आणि फ्रान्सचे जान्सेन यांनी ते गुंटूरहून पाहिलं. लॉकियर त्या वेळी इंग्लंडातच होते, त्यांनी तिथूनच सूर्याच्या उजेडातली ती पिवळी रेघ अभ्यासली. ते विजयदुर्गला आले ते तीस वर्षांनी, १८९८ च्या जानेवारीत, आणि मेल्पोमिनी या युद्धनौकेचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. चौथऱ्यांचं मोल याने काही कमी होत नाही.

मी घरी येऊन १८९८ चं ग्रहण शोधायला लागले. तारीख २२ जानेवारी. कॅलेंडर मागे मोजत नेलं तर वार शनिवार. तीही शनी अमावास्या!

त्या ग्रहणाची सावली जणू आपला महाराष्ट्र बघायलाच आली होती. विजयदुर्गला किनाऱ्याला लागली, करमाळ्याजवळच्या जेऊरवरून गेली, मग वऱ्हाडात धामणगावजवळचं तळणी, वर्धेकाठचं पुलगाव, आणि तिथून वर शहडोल, बक्सरकडे. जगभरातून लोक रेल्वेच्या या लहान लहान ठेसनांवर येऊन उतरले. जेऊरला पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला आपली यंत्रं घेऊन आले. पुण्याच्या सायन्स कॉलेजात त्यांनी वेधशाळा उभी केली होती. अमेरिकेतून कॅम्पबेल आले, बारा मीटर लांबीचा कॅमेरा घेऊन, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी एलिझाबेथ. त्या हवा खायला आल्या नव्हत्या, मदतीच्या कामाला होत्या. काळ कसा, तर दुष्काळ नुकता सरलेला, मुंबई-पुण्यात प्लेग, आगगाडीत तपासण्या.

तळणीला उतरलेल्या मंडळींत एक बाई होत्या, ॲनी माँडर. आयर्लंडच्या, तेव्हा वय तीसच्या आत. केंब्रिजला गणित शिकलेल्या. लंडनजवळच्या ग्रिनिच वेधशाळेत १८९१ पासून त्या आकडेमोडीच्या कामावर होत्या, पगार महिना चार पौंड. त्याआधी शाळेत शिकवायच्या तेव्हा यापेक्षा जास्त मिळत होते. त्यांचं काम रोज सूर्याचे फोटो घ्यायचे आणि त्यावरचे डाग मोजायचे. १८९५ साली त्यांनी त्याच वेधशाळेतल्या एडवर्ड माँडर यांच्याशी लग्न केलं आणि त्यांची नोकरी गेली. लग्न झालेल्या बाईने सरकारी नोकरीत राहायचं नाही असा तिकडचा कायदाच होता. नवऱ्याची नोकरी अर्थातच राहिली. आपल्याकडे सासूबाई, तिकडे सरकार.

शास्त्रज्ञांच्या मोठ्या संस्थेने त्यांना सभासद करून घ्यायला आधीच नकार दिला होता. पण हौशी लोकांची एक संस्था होती, तिच्यात बायकांना मज्जाव नव्हता. तिच्या सहलीतून नवरा-बायको ग्रहणांच्या मागे हिंडायला लागले. १८९६ ला नॉर्वेला गेले तर ढग आले. मग १८९८ ला तळणी. ॲनीबाईंनी स्वतः आखणी करून एक छोटा कॅमेरा बनवून घेतला होता, भिंग जेमतेम दीड इंचाचं. त्याला पैसे दिले ते त्यांच्या बायकांच्या कॉलेजने. जेऊरला बारा मीटरचा कॅमेरा आणि तळणीला हा एवढासा. पण त्यांचा हिशेब वेगळा होता. मोठ्या कॅमेऱ्यात सूर्याच्या जवळचं बारीक दिसतं, लांबवर पसरलेलं अंधूक काही चौकटीत मावतच नाही. त्यांना ते लांबचं हवं होतं.

भर दुपारी जेमतेम दोन मिनिटांचा अंधार. त्यात काचा बदलायच्या, वेळ मोजायची. वर बघून घ्यायला किती क्षण मिळाले असतील कोण जाणे. पण काच धुतल्यावर त्या पांढऱ्या फुलाची एक पाकळी इतकी लांब गेलेली निघाली, की तोवर कुणाच्या फोटोत तशी आली नव्हती. आपल्या वऱ्हाडच्या मातीवर उभं राहून, नोकरी गेलेल्या बाईने काढलेला फोटो! तळणीतल्या गर्भारणी त्या वेळी कुठे बसल्या असतील, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पुढे या दोघांनी सूर्यावरच्या डागांचा एक तक्ता केला. घरीच, आठवडाभर संध्याकाळी बसून. डाग साधारण अकरा वर्षांनी वाढतात आणि ओसरतात, आणि तक्त्यात त्यांचा आकार फुलपाखरांसारखा दिसतो. तो १९०४ साली छापून आला, नाव एकट्या नवऱ्याचं. पण या एडवर्डरावांना मी सरसकट नावं ठेवणार नाही. दोघांच्या नावाने १९०८ साली पुस्तक निघालं, त्यात त्यांनी स्वतः लिहून ठेवलं की हे जवळजवळ सगळं माझ्या बायकोचं काम आहे. असं लिहिणारे नवरे आजही मोजकेच. ॲनीबाईंना त्या मोठ्या संस्थेने सभासद केलं ते १९१६ साली, पहिल्या नकारानंतर चोवीस वर्षांनी.

त्या तक्त्यामुळे मला हुबळीचं फूल उमगलं. सूर्यावर डाग पुष्कळ असतात तेव्हा पाकळ्या सगळीकडून सारख्या, शेवंतीसारख्या. डाग ओसरत आले की पाकळ्या एका-दोन बाजूंना लांब निघतात. १९८० साली डाग भरात होते. १८९८ ला ओसरतीला लागले होते. म्हणजे ॲनीबाईंनी पाहिलेलं फूल आणि आम्ही पाहिलेलं फूल एकाच झाडाचं, बहर वेगळा.

फोनवर एकीने विचारलंय की राहू-केतूचं काय. अगं, पंधराशे वर्षांपूर्वी आर्यभटाने लिहून ठेवलंय की ग्रहण सावलीचं असतं. सूर्य चंद्राच्या चारशे पट मोठा, पण लांबही चारशे पट, म्हणून आपल्याला दोघं सारखे दिसतात आणि चंद्र त्याला नेमका झाकतो, जसा आपला अंगठा समोरचा डोंगर झाकतो. पंचांगवाल्यालाही हे पक्कं माहीत असतं. नाहीतर स्पर्श-मोक्षाच्या वेळा मिनिटापर्यंत त्याने काढल्या कुठून? वेळ गणिताने काढायची आणि खाली भाजी चिरू नका छापायचं, हे मला कधी पटलं नाही.

आमच्या पोराचं ऑपरेशन त्याच वर्षी झालं. खोटी तारीख खरी झाली. ओठावर बारीक वण आहे, मिशीत लपतो. सासूबाईंना आम्ही मैदानावर गेल्याचं कधी सांगितलं नाही. त्या गेल्या तेव्हाही त्यांना वाटत होतं की आम्ही ग्रहणभर दवाखान्यात बसलो होतो.

२०१९ च्या २६ डिसेंबरला सकाळी ग्रहण होतं. आपल्याकडे खंडग्रास. वार गुरुवार, मार्गशीर्षातला शेवटचा, म्हणजे घटही मांडायचा की नाही यावर गावभर वाद. अक्कांच्या त्याच पोराची सून तेव्हा गर्भार होती, तिसरा महिना. तिच्या माहेरून फोनावर फोन: आडवी होऊ नको, सुई धरू नको, खोलीबाहेर येऊ नको. पोरगी रडकुंडीला आली. अक्कांनी तिला परसात बोलावलं, हातात चाळणी दिली आणि भिंतीवर सूर्याच्या शंभर कोरी पाडून दाखवल्या. मग मेथीची जुडी आणि विळी तिच्यापुढे ठेवून म्हणाल्या, "चीर. सगळी उपाशी आहेत." बाळ जूनमध्ये झालं, आणि अक्कांनी पहिल्यांदा त्याचा ओठ बघितला. हे मी लपवत नाही. चाळीस वर्षं झाली तरी हात आधी तिथेच गेला.

पुढचं ग्रहण बघायचं असेल तर २ ऑगस्ट २०२७ लिहून ठेवा. सोमवार आहे, सोमवती आणि वर दिव्यांची अवस. खग्रास तिकडे स्पेन, इजिप्तकडे. आपल्याकडे दुपार उतरताना थोडासाच सूर्य झाकलेला दिसेल, तोही पावसाने कृपा केली तर. आपल्या देशातून खग्रास दिसणार ते २० मार्च २०३४ ला, पार काश्मीर-लडाखच्या बाजूला. अक्कांना हे वाचून दाखवलं. तेव्हा त्यांचं वय ब्याऐंशी असेल. थोडा वेळ बोटं मोजली आणि मला म्हणाल्या, "लडाखला एसटी जाते का गं, की बेळगावला गाडी बदलायची?"